कोट शिवणाऱ्यांची शेती : जर्सी होमस्टेड्सची हकिकत

न्यू जर्सी राज्यातील हाइट्सटाउनहून आग्नेयेकडे निघालेला रस्ता काही मैल शेतांमधून जातो आणि सपाट छपरांच्या, बसक्या ठेवणीच्या घरांपाशी येतो. आसपासच्या गावांतील उतरत्या छपरांची जुनी लाकडी घरे पाहत आलेल्या माणसाला ही घरे परक्या मुलखातली वाटतात. तसे वाटण्यात फारशी चूकही नाही. कारण त्यांचे आराखडे जर्मनीत जन्मलेल्या एका वास्तुविशारदाने काढले, बांधणीचा पैसा अमेरिकेच्या केंद्र सरकारने दिला, आणि राहायला आले ते न्यूयॉर्कच्या शिलाई कारखान्यांत राबणारे, पूर्व युरोपातून आलेले ज्यू कामगार. या गावाचे आजचे नाव रूझवेल्ट आहे. १९३६ च्या जुलैत पहिली कुटुंबे येथे उतरली तेव्हा ते जर्सी होमस्टेड्स या नावाने ओळखले जात होते, आणि शेती, कारखाना व दुकान ही तिन्ही कामे तेथील रहिवाशांनी सहकाराने चालवायची, असा त्याच्या स्थापनेमागचा बेत होता. तो बेत चार वर्षांच्या आत बारगळला. पण वसाहत उठली नाही.

ज्यूंना शेतीची ओढ लागावी, याला त्यांच्या इतिहासात पुरेसे कारण होते. रशियाच्या झारशाहीने ज्यूंना साम्राज्याच्या पश्चिम पट्ट्यात कोंडून ठेवले होते. १८८१ साली झार दुसऱ्या अलेक्झांडरचा खून झाल्यावर दंगली उसळल्या आणि १८८२ मध्ये जे नवे निर्बंध आले, त्यांनी ज्यूंना खेड्यांत नव्याने वस्ती करण्याची व तेथे जमीन घेण्याची वाट बंद केली. किरकोळ व्यापार, दलाली आणि शिवणकाम यांवरच जगणारा समाज अशी जी निंदा होत असे, तिचे मूळ या बंदीत होते. तेव्हा देश सोडून निघालेल्या तरुणांतील काहींनी ठरवले की, नव्या देशात जायचे ते नांगर धरण्यासाठीच. १८८२ मध्येच न्यू जर्सीच्या दक्षिण भागात अलायन्स नावाची ज्यू शेतकऱ्यांची वसाहत उभी राहिली. १८९१ मध्ये बॅरन हिर्श या ज्यू धनिकाच्या निधीतून त्याच राज्यात वुडबाइन वसले. या वसाहती लहान होत्या. अमेरिकेत उतरलेल्या ज्यूंचा मोठा लोंढा न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधील अंधाऱ्या चाळींत शिरला आणि तयार कपड्यांच्या धंद्याला जुंपला गेला.

हा धंदा मोसमी होता. मागणीच्या दिवसांत पहाटेपासून रात्रीपर्यंत यंत्रे चालत आणि मोसम सरला की आठवडेच्या आठवडे हाताला काम नसे. कोंदट कारखान्यांत सुरक्षिततेची पर्वा कोणी करीत नसे. १९११ च्या मार्च महिन्यात ट्रँगल कंपनीच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा कुलूपबंद दारामागे अडकून आणि वरच्या मजल्यांवरून उड्या मारून १४६ कामगार मेले. त्यांत बहुसंख्य ज्यू आणि इटालियन मुली होत्या. त्या आगीनंतर स्त्रियांच्या कपड्यांच्या धंद्यातील कामगार संघटना बळावली, मजुरीचे दर सुधारले, कामाचे तास कमी झाले. परंतु मोसमी बेकारी संपली नाही. पुढे १९२९ नंतरच्या महामंदीत तर बिनकामाचे दिवस कामाच्या दिवसांपेक्षा वाढले.

या प्रश्नावर एक उत्तर घेऊन जो माणूस पुढे आला, त्याचे नाव बेंजामिन ब्राउन. युक्रेनमधून तरुणपणीच अमेरिकेत आलेल्या ब्राउनने पेनसिल्व्हेनियातील शेतकी शाळेत शिक्षण घेतले होते आणि १९११ मध्ये युटा राज्यातील क्लॅरियन या ज्यू वसाहतीच्या उभारणीत पुढाकार घेतला होता. क्लॅरियनची जमीन निकृष्ट होती आणि कालव्याचे पाणी वेळेवर व पुरेसे मिळत नव्हते. काही वर्षांतच ती वसाहत मोडली. बहुतेक जण शहरांकडे परतले, ब्राउन मात्र युटातच राहिला. तेथे त्याने कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्यांना एकत्र आणून अंडी विकणारी सहकारी संस्था उभी केली, आणि त्या डोंगराळ राज्यातील अंडी आगगाडीने थेट न्यूयॉर्कच्या बाजारात पोहोचू लागली. पुढे सोव्हिएत सरकारने अतिपूर्वेकडील बिरोबिजान या प्रदेशात ज्यूंच्या वसाहतीची योजना मांडली, तेव्हा १९२९ मध्ये ती जागा पाहण्यासाठी गेलेल्या अमेरिकन तज्ज्ञांच्या मंडळात ब्राउन होता. थोडक्यात, तो हवेतले मनोरे बांधणारा स्वप्नाळू नव्हता. एक अपयश आणि एक यश त्याच्या गाठीशी होते. पण यश मिळाले होते ते मुळातच शेतकरी असलेल्या, स्वतःच्या जमिनीवर राहणाऱ्या माणसांच्या संस्थेला. ही गोष्ट त्याने पुढे किती लक्षात ठेवली, अशी शंका घ्यायला जागा आहे.

१९३३ मध्ये अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ या मंदी-निवारणाच्या कार्यक्रमातील एका कायद्याने अर्धवट शेती आणि अर्धवट कारखानदारी यांवर जगणाऱ्या वसाहतींसाठी अडीच कोटी डॉलर बाजूला काढले. ब्राउनने लगेच अर्ज केला. त्याची योजना अशी होती : शिलाई धंद्यातील २०० कुशल कामगारांची कुटुंबे निवडायची, प्रत्येकाने ५०० डॉलर भांडवल घालायचे, सरकारने जमीन आणि घरे द्यायची, कोट शिवण्याचा कारखाना सहकारी तत्त्वावर चालवायचा, मोसम नसेल तेव्हा त्याच माणसांनी सामाईक शेतात काम करायचे, आणि शेतातला माल व रोजच्या गरजेच्या वस्तू सामाईक दुकानातून मिळायच्या. कारखाना, शेत आणि दुकान हे तिहेरी सहकाराचे तीन पाय होते, म्हणून तेथे शिवलेल्या कोटांच्या मालाला पुढे ‘ट्रायपॉड’, म्हणजे तिपाई, असेच नाव दिले गेले. सरकारने पाच लाख डॉलर मंजूर केले. हाइट्सटाउनजवळ सुमारे १,२०० एकर जमीन घेतली गेली. जवळच्याच प्रिन्स्टनमध्ये नुकतेच येऊन राहिलेले आल्बर्ट आइन्स्टाइन यांनीही या योजनेची बाजू उघडपणे घेतली.

महामंदीच्या काळात ५०० डॉलर ही रक्कम लहान नव्हती. कामगार कुटुंबांनी ती वर्षांच्या काटकसरीतून उभी केली, आणि मग त्यांच्या वाट्याला आली ती वाट पाहणे. १९३४ च्या वसंतात गृहमंत्रालयाने — अमेरिकेत जमीन आणि नैसर्गिक संपत्ती या मंत्रालयाकडे असते — अशा सर्व वसाहतींचा स्थानिक कारभार रद्द करून तो वॉशिंग्टनच्या हाती घेतला. मंत्री हॅरल्ड इकीस हे पैशाच्या बाबतीत कमालीचे कडक होते आणि सरकारी पैसा खासगी मंडळांनी खर्च करावा हे त्यांना मान्य नव्हते. त्यांच्या बाजूने पाहिले तर त्यात चूक काढता येत नाही. परंतु सहकारी वसाहत जन्माला येण्यापूर्वीच तिच्या सभासदांच्या हातून निर्णयाचा हक्क निघून गेला, हा त्याचा परिणाम झाला. आणि जर्सी होमस्टेड्सच्या पुढच्या सगळ्या दुखण्यांचे मूळ मला येथेच दिसते.

दुसरा अडथळा अनपेक्षित दिशेने आला. ज्या कामगार संघटनेचे हे सभासद होते, तिचे अध्यक्ष डेव्हिड डुबिन्स्की यांनीच योजनेला विरोध केला. न्यूयॉर्कमधील मालक मजुरीचे दर चुकवण्यासाठी कारखाने शहराबाहेर, संघटनेचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी हलवीत होते. सरकारच खेड्यात कोटाचा कारखाना काढू लागले तर त्या पळवाटेला राजमान्यता मिळेल, अशी त्यांना भीती वाटत होती. ज्या माणसाचे तरुणपण याच धंद्यातील लढ्यांत गेले होते, त्याची ही भीती पोकळ म्हणता येणार नाही. बरीच बोलणी होऊन अखेर तडजोड झाली. पण मधला काळ वाया गेला, आणि भांडवल भरून बसलेल्या काही कुटुंबांनी कंटाळून आपले पैसे परत मागितले.

१९३५ मध्ये ही वसाहत नव्याने स्थापन झालेल्या पुनर्वसन खात्याकडे आली. खात्याचे प्रमुख रेक्सफर्ड टगवेल हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते आणि गावात कारखाना आणून बसवण्याच्या कल्पनेवर त्यांचा स्वतःचाच विश्वास नव्हता. तरीही टीका झाली ती त्यांच्यावर. सरकारी पैशाने साम्यवादी वसाहत उभारली जात आहे, अशी हाकाटी विरोधी वृत्तपत्रांनी केली. त्या वसाहतीत राहायला येणारे लोक रशियातून आलेले ज्यू आहेत, या माहितीने त्या हाकाटीला वेगळीच धार आली. बांधकामातही सरळ काही घडेना. काँक्रीटचे तयार स्लॅब जागेवरच ओतून त्यांची घरे जुळवायची, असा एक प्रयोग झाला. त्यासाठी खास यंत्रसामग्री बसवली गेली, मात्र प्रयोग फसला आणि सोडून द्यावा लागला. वर्तमानपत्रांना त्यामुळे आणखी एक विषय मिळाला.

त्यानंतर काम आल्फ्रेड कास्टनर या वास्तुविशारदाकडे गेले. त्याने घरांच्या भिंती साध्या सिंडर ब्लॉकच्या, म्हणजे कोळशाची राख मिसळलेल्या सिमेंटच्या ठोकळ्यांच्या, केल्या, छपरे सपाट ठेवली, खिडक्या मोठ्या घेतल्या. प्रत्येक घराला सुमारे अर्धा एकर जागा होती आणि घरांच्या मागून सामाईक हिरवळीचा पट्टा जात होता. चाळीच्या मागच्या खोलीत, हवेसाठी ठेवलेल्या अरुंद चौकाकडे तोंड करून वर्षे काढलेल्या कुटुंबांना या मोठ्या खिडक्यांचे काय वाटले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. कास्टनरच्या हाताखाली लुई कान नावाचा, एस्टोनियातून लहानपणी आलेल्या ज्यू कुटुंबातील पस्तिशीतला सहायक होता. भारतीय वाचकांना तो माहीत आहे तो फार पुढच्या कामासाठी : अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेची विटांची इमारत त्याचीच. मंदीत काम मिळणे कठीण असलेल्या काळात त्याला मिळालेल्या कामांपैकी शिंप्यांची ही घरे होती.

सरकारने आपल्या योजनांची नोंद ठेवण्यासाठी नेमलेल्या छायाचित्रकारांनी हा सगळा काळ टिपला आहे. डोरोथिया लँग १९३६ मध्ये येथे आल्या होत्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात त्यांनी वाटाण्याच्या शेतावरील स्थलांतरित आईचे जे छायाचित्र घेतले, ते जगभर गेले. हाइट्सटाउनजवळची छायाचित्रे त्या मानाने फारशी कोणी पाहिलेली नाहीत. मला मात्र त्यांचे मोल वेगळे वाटते, कारण सहसा उपाशी आणि विस्थापित माणसांकडे वळणारा तो कॅमेरा येथे अजून न घडलेल्या भविष्याची तयारी करणाऱ्या माणसांकडे वळला आहे.

१९३६ च्या ऑगस्टच्या आरंभी कारखान्याचे उद्घाटन झाले. न्यूयॉर्कहून पाहुणे आले, भाषणे झाली, नव्या यंत्रांभोवती लोक जमले. तेव्हा बहुतेक घरे अपुरी होती आणि वसाहतीत मोजकीच कुटुंबे राहत होती. कारखाना मोठ्या मनुष्यबळाच्या हिशेबाने बांधलेला, आणि त्यात काम करण्याचा हक्क ज्यांना होता ते सभासद अजून न्यूयॉर्कमध्येच, आपल्या घराला छप्पर कधी पडते याची वाट पाहत बसलेले, अशी ती सुरुवात होती. हिवाळी कोटांच्या मागणीचे पहिलेच दिवस त्यामुळे हातचे गेले. ज्या धंद्यात फॅशन प्रत्येक मोसमात बदलते, घाऊक खरेदीदार ठरावीक गल्ल्यांतच फिरतात आणि भांडवल सतत फिरते ठेवावे लागते, त्या धंद्यात पन्नास मैलांवरच्या शेतात बसून पाय रोवणे तसेही अवघडच होते. कोट चांगले शिवले जात, पण चांगला शिंपी हा चांगला विक्रेता असतोच असे नाही. सरकारी कर्ज घेऊन कारखाना चालवला गेला, तोटा वाढत गेला, आणि १९३९ मध्ये तो बंद पडला. यंत्रे लिलावात गेली. बेंजामिन ब्राउनचा मृत्यूही त्याच वर्षी झाला.

शेतीची कथा अधिक बोधक आहे. सामाईक शेतीचे तीन विभाग होते : पिके, दुभती जनावरे आणि कोंबड्या. मूळ कल्पना अशी की, कोटाचे काम थांबले की कामगार फावडे हाती घेतील. कागदावर हा मेळ फार सुरेख दिसतो. प्रत्यक्षात न्यू जर्सीत हिवाळ्यात जमीन गोठते; त्या दिवसांत कारखान्यात काम नसले तरी शेतात तरी काय करणार? उलट गाय दिवसातून दोनदा पिळावीच लागते आणि कोंबड्यांना खाद्य रोज घालावे लागते, मग कोटांची मागणी कितीही असो. जनावरांच्या शेतीला फावल्या वेळचा मजूर चालत नाही. शिवाय शेतमजुरीचा दर शिलाईच्या कुशल मजुरीच्या जवळपासही जात नव्हता, तेव्हा वीस वर्षे सुई चालवलेल्या माणसाला एखादा मोसम न्यूयॉर्कला जाऊन परक्याच्या कारखान्यात बसणे परवडे आणि स्वतःच्या सहकारी शेतात राबणे परवडत नसे. सामाईक शेती १९४० मध्ये गुंडाळली गेली. तरीही काही कुटुंबांनी पुढे स्वतःच्या हिमतीवर कोंबड्या पाळल्या आणि त्यांवर संसार चालवले. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास न्यू जर्सीच्या निरनिराळ्या भागांत ज्यू अंडी-उत्पादकांची जी वस्ती वाढली, तिच्याशी हे सुसंगत होते. ब्राउनला युटात यश मिळाले होते तेही अशाच, स्वतंत्र कोंबडीपालकांच्या संघटनेत. सामाईक मालकीपेक्षा सामाईक विक्री अधिक टिकते, हे त्याच्याच अनुभवात आधीपासून लिहिलेले होते.

या अपयशाचा दोष सहकाराच्या तत्त्वावर टाकण्याची घाई अनेकांनी केली, आणि तत्त्व शुद्ध होते, सरकारने ते बुडवले, असे म्हणणारेही कमी नव्हते. दोन्ही म्हणणी मला अपुरी वाटतात. येथील सभासद हा एकाच वेळी कारखान्याचा भागीदार, त्याच कारखान्यातील मजूर, त्या मजुरांच्या संघटनेचा सभासद आणि सरकारचा भाडेकरू होता. मजूर म्हणून त्याने दर वाढवून मागावा, तर भागीदार म्हणून तोटा त्याच्याच अंगावर. आणि भागीदार म्हणून काही ठरवावे, तर अंतिम शब्द कर्ज देणाऱ्या सरकारी खात्याचा. घर त्याचे नव्हते, जमीन त्याची नव्हती, कारखान्याची इमारतही त्याची नव्हती. त्याचे स्वतःचे होते ते ५०० डॉलर, आणि ते बुडाले. सगळ्या मिळून योजनेवर सरकारचा खर्च ३० लाख डॉलरांच्या वर गेला, म्हणजे मूळ मंजुरीच्या सहापटीहून अधिक. आणि हिशेब तपासणाऱ्यांनी पुढे वर्षानुवर्षे याच आकड्यावर बोट ठेवले.

कारखान्याच्या रिकाम्या इमारतीत लवकरच स्त्रियांच्या टोप्या बनवणारी एक खासगी कंपनी भाड्याने आली आणि काही रहिवाशांना तेथे काम मिळाले. बाकीचे न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, ट्रेंटन येथे ये-जा करू लागले. काही घरे रिकामी राहिली, म्हणून सरकारने ती बाहेरच्या लोकांनाही भाड्याने देण्यास सुरुवात केली.

वसाहत टिकली ती मात्र याच काळात, आणि तिला टिकवणाऱ्या गोष्टी योजनेच्या मसुद्यात जवळपास नव्हत्याच. १९३७ मध्ये तिला स्वतंत्र नगराचा दर्जा मिळाला होता, त्यामुळे नगराध्यक्ष, नगरसभा आणि शाळा हा कारभार तरी रहिवाशांच्या हाती होता. यिद्दिश ही पूर्व युरोपातील ज्यूंची भाषा बोलणारे, समाजवादापासून झायोनवादापर्यंत (म्हणजे ज्यूंच्या स्वतंत्र मायभूमीच्या चळवळीपर्यंत) नाना मतांचे हे लोक प्रत्येक प्रश्नावर हिरिरीने वाद घालीत. वाद घालायला आणि मत द्यायला जागा आहे म्हटल्यावर माणसे गावात रमतात. येथील माणसेही रमली. प्रार्थनामंदिर होते, वाचनाचे व नाटकाचे गट होते, आणि मुलांना धावायला मोकळी जमीन होती. सहकारी संस्था बुडाल्या तरी सहकाराच्या सभांत लागलेली सवय नगरसभेत उपयोगी पडली.

गावातील शाळेच्या भिंतीवर असलेले भित्तिचित्र हा या इतिहासाचा सर्वांत मोठा ऐवज आहे. १९३७-३८ मध्ये ते बेन शान यांनी रंगवले. लिथुआनियात जन्मलेले शान आठ वर्षांचे असताना न्यूयॉर्कला आले होते, म्हणजे चित्रात दाखवलेला प्रवास त्यांनी स्वतः केला होता. आणि ओल्या गिलाव्यावर रंगवण्याची कला त्यांनी मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेरा यांचे सहायक असताना आत्मसात केली होती. सुमारे ४५ फूट लांबीचे हे चित्र डावीकडून उजवीकडे वाचायचे असते. सुरुवातीला जहाजातून उतरलेल्या स्थलांतरितांची रांग येते आणि तिच्या अग्रभागी आइन्स्टाइन चालत असतात. मागे, अमेरिकेतच अन्यायाने मारल्या गेलेल्या साको आणि वान्झेट्टी या दोन इटालियन कामगारांच्या शवपेट्या दिसतात. नव्या देशाचे स्वागत कसे होते, याबद्दल शान यांच्या मनात भाबडेपणा नव्हता. त्यानंतर यंत्रांवर वाकलेले शिलाई कामगार, संघटनेची सभा, आणि शेवटी टेबलाभोवती बसून वसाहतीचा नकाशा पाहणारी मंडळी. हे चित्र पूर्ण झाले तेव्हा कारखाना अखेरच्या घटका मोजत होता. चित्रातील शेवटचा भाग त्यामुळे इतिहास म्हणून पाहावा की मागणी म्हणून, हे पाहणाऱ्यावर राहते.

चित्र संपवून शान निघून गेले नाहीत. रिकाम्या झालेल्या घरांपैकी एकात ते १९३९ मध्ये पत्नी बर्नार्डा ब्रायसन यांच्यासह राहायला आले आणि १९६९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच गावचे रहिवासी होते. त्यांच्यामागून इतर कलावंत आले : छायाचित्रकार एडविन आणि लुईस रॉस्कॅम, चित्रकार ग्रेगोरिओ प्रेस्टोपिनो, जेकब लँडाऊ. स्वस्त भाडे हे त्यांच्या येण्याचे एक सरळ कारण होते. कोट शिवणारे, कोंबड्या पाळणारे आणि चित्रे काढणारे लोक एकाच नगरसभेत बसू लागले, हा योगायोग कोणत्याही नियोजनकाराने आखलेला नव्हता.

१९४५ च्या एप्रिलमध्ये अध्यक्ष रूझवेल्ट वारले आणि त्याच वर्षी रहिवाशांनी गावाला त्यांचे नाव दिले. त्यानंतर दोनेक वर्षांत सरकारने घरे रहिवाशांना विकली. भाडेकरू मालक झाले, आणि सरकारचा या गावाशी असलेला जमीनदाराचा संबंध संपला. १९६२ मध्ये शाळेशेजारी रूझवेल्ट यांचे भव्य शिल्पमस्तक बसवले गेले. ते बेन शान यांचा मुलगा जोनाथन याने घडवले होते आणि त्याच्या अनावरणाला रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनॉर स्वतः आल्या होत्या. १९८३ मध्ये संपूर्ण गावाची नोंद ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय सूचीत झाली. २०२० च्या जनगणनेत येथे ८०८ माणसे होती. सपाट छपरांच्या काही घरांवर नंतरच्या मालकांनी उतरती छपरे चढवली आहेत. भित्तिचित्र असलेली शाळा लहान मुलांसाठी अजून भरते. माध्यमिक शिक्षणाला मुले हाइट्सटाउनच्या बाजूला जातात.